स्वतःहून सोडलेली जागा

सिराज मणियार पुण्याच्या कॅम्पातल्या गोळीबार इलेव्हन या फुटबॉल टीममध्ये मैदानाच्या मधोमध, सेंटर-हाफला खेळायचा, आणि सतरा वर्षं ती जागा दुसऱ्या कुणाची असू शकते असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. तो वेगात पळणाऱ्यांपैकी नव्हता. त्याच्याकडे चेंडू आला की खेळ क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा. मग तो मान वर न करता असा पास द्यायचा की चेंडू पोहोचल्यावर फॉरवर्डला कळायचं, आपण मोकळे होतो म्हणून. मागून गोलकीपर चेंडू फेकायचा तो सिराजकडेच, आणि पुढे जे काय व्हायचं ते सिराजपासून सुरू व्हायचं. एरवी नाना पेठेत त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. दिवसभर रेक्झिन कापायचं, शिवायचं, आणि रोज सकाळी सहाला मैदानावर हजर.

मागून चेंडू फेकणारा तो गोलकीपर म्हणजे अभय लिमये. नारायण पेठेतला मुलगा कॅम्पातल्या टीममध्ये कसा, असं लोक विचारायचे. त्याच्या वडिलांना तर फुटबॉल हा खेळच वाटत नसे. पण अभय एकदा सामना बघायला म्हणून आला आणि तिथलाच झाला. सिराजची आणि त्याची दोस्ती अशी की सिराजच्या निकाहात धावपळ करायला सख्ख्या भावांच्या बरोबरीने अभय होता.

सत्त्याऐंशी साली सिराजला मुंबईच्या एका बँकेच्या टीमने बोलावलं होतं. खेळायचं आणि बँकेत कायमची नोकरी. सिराजच्या अब्बांनी तर मोहल्ल्यात पेढे वाटायची तयारी केली होती. तेव्हा अभय दुकानात येऊन बसला. दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत बसला. तू गेलास तर टीम मोडेल, बाकीची पोरं आठवड्यात पांगतील, एवढंच तो फिरवून फिरवून सांगत राहिला. सिराज गेला नाही. अब्बा दोन महिने त्याच्याशी धड बोलले नाहीत. सिराजने ती गोष्ट पुढे कधी उगाळली नाही, आणि अभयनेही कधी काढली नाही.

मग दिवस बदलले. अभय ज्या कारखान्यात होता तो बंद पडला. अभयने पस्तिशीत कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बंडगार्डन रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत व्यवस्थापनाच्या कामाला लागला. गुडघे गेले होते, त्यामुळे गोलमध्ये उभं राहणं संपलं आणि तो टीमचा कोच झाला. नव्याण्णव साली त्याने आपल्याच कंपनीला टीमची पुरस्कर्ती केलं. पोरांना नवे बूट आले, एकसारखे ट्रॅकसूट आले, छातीवर कंपनीचं नाव आलं. जुन्या लोकांपैकी काही जण कुरकुरले. सिराजनेच त्यांना गप्प केलं. अभय करतोय ते टीमसाठीच करतोय, असं तो म्हणाला.

त्याच पावसाळ्यात अनिरुद्ध पोकळे आला. धायरीचा मुलगा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, वय एकवीस. पायात वेग होता, दोन्ही पायांनी चेंडू मारायचा आणि दमायचा नाही. पण कुठे बघायचं ते त्याला कळत नव्हतं. अभयने सिराजला बाजूला घेतलं आणि त्याच्यावर मेहनत घ्यायला सांगितलं. "तुझ्याकडे अजून दोन वर्षं आहेत," तो म्हणाला. "तोवर त्याला तयार कर. तुझ्यानंतर कुणीतरी हवाच ना."

सिराजला ते पटलं. छत्तिशी आली होती, डावा गुडघा थंडीत धरायचा, हे त्याच्याशिवाय आणखी कुणाला माहीत असेल तर अभयला. दोन वर्षांत पोरगा तयार करायचा आणि मग निरोप घ्यायचा, यात वाईट काय होतं? उलट त्याला बरंच वाटलं. त्याने बायकोला, रशीदाला, तसं बोलूनही दाखवलं.

सात महिने त्याने अनिरुद्धला शिकवलं. बाकीची टीम यायच्या अर्धा तास आधी दोघं मैदानावर यायचे. चेंडू येण्याआधी दोनदा मागे बघ, एकदा आपला माणूस कुठे आहे ते आणि एकदा त्यांचा कुठे आहे ते. समोरच्याच्या पायांकडे बघू नकोस, कमरेकडे बघ, वळायचं असलं की कंबर आधी वळते. पास द्यायचा तो आपल्या माणसाच्या लांबच्या पायावर. सिराजने या गोष्टी कधी कुणाला शब्दांत सांगितल्या नव्हत्या. सांगता सांगता त्याच्या लक्षात यायचं की आपल्याला हे सगळं येतं. विरुद्ध टीमच्या एकेका बचावपटूच्या खोडीसुद्धा त्याने पोराला सांगून टाकल्या. अनिरुद्ध भराभर शिकत होता. डिसेंबरपर्यंत तो सरावात सिराजकडून चेंडू काढून घ्यायला लागला, आणि पहिल्यांदा घेतला त्या दिवशी सिराजने घरी जाताना मटण नेलं.

फेब्रुवारीत टीम लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचली. अकरा वर्षांनी. सामना रविवारी होता. बुधवारी सकाळी सराव संपल्यावर अनिरुद्ध बूट सोडत सिराजशेजारी बसला आणि थोडा अडखळत बोलला.

"सिराजभाई, थँक्स हं. सर म्हणाले, फायनलला तुमच्या जागी मला खेळवायचं हे तुम्हीच सजेस्ट केलंत. मला वाटलं होतं, अजून एक सीझन तरी तुम्ही सोडणार नाही. एवढं कोण करतं, भाई?"

सिराजच्या हातात बुटाची नाडी होती. ती त्याने पूर्ण सोडवली, मग दुसऱ्या बुटाची सोडवली. अभय तोवर गाडीला किक मारून निघूनही गेला होता. शेजारी बसलेला मुलगा त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. खरं सांगितलं असतं तर रविवारी त्या पोराच्या पायातलं बळच गेलं असतं.

"हो," सिराज म्हणाला. "मीच म्हटलं."

तो दुकानात गेलाच नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो अभयच्या कंपनीत गेला. तिथे पाऊल टाकायची त्याची पहिलीच वेळ. दारावरच्या माणसाने वहीत नाव लिहायला सांगितलं, कुणाला भेटायचंय ते लिहायला सांगितलं, आणि काम काय तेही. सिराजने कामाच्या रकान्यात बराच वेळ काही लिहिलं नाही. शेवटी त्या माणसानेच 'खासगी' असं लिहिलं आणि त्याच्या खिशाला एक कार्ड लावून दिलं.

अभय खाली आला. सिराजला बघून त्याला सगळं कळलं असावं, कारण त्याने काय झालं म्हणून विचारलं नाही. तो त्याला कँटीनमध्ये घेऊन गेला, दोन कॉफ्या आणल्या, आणि स्वतःहूनच बोलायला लागला. कंपनीचे साहेब उपांत्य सामना बघायला आले होते. त्यांना पहिल्यापासूनच तरुण टीम हवीय. अनिरुद्धला येत्या जूनपासून कंपनीत घ्यायचंही ठरलंय. शिवाय सिराजचा गुडघा. समोरच्या टीमची पोरं वीस-बावीसची आहेत, नव्वद मिनिटं पळवतील. शेवटची दहा मिनिटं तुला उतरवणारच आहे, सामन्यानंतर सत्कार ठेवलाय, मी स्वतः बोलणार आहे.

सिराजने सगळं ऐकून घेतलं. "कधी ठरलं हे?"

अभयने कप फिरवला. "गेल्या जूनमध्ये."

म्हणजे दोन वर्षं म्हणाला तेव्हाच. सिराज त्याच्याकडे बघत राहिला. "मला काढायचं होतं तर काढायचंस, अभय. कोच आहेस, तुझा हक्क आहे. माझ्याच हातून कशाला करून घेतलंस?"

"तुला कसं सांगावं तेच कळत नव्हतं."

"इतकी वर्षं गोलमधून माझ्या नावाने बोंबलत होतास, तेव्हा बरं कळत होतं."

अभय हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगितलं असतं, तर तू त्याला शिकवलं असतंस?"

कदाचित शिकवलं असतं. कदाचित एखादी गोष्ट हातची राखून ठेवली असती. पण ते आता सिराजला कधीच कळणार नव्हतं, आणि याचाच राग त्याला सगळ्यात जास्त आला. आपण कसे वागलो असतो हे आजमावायची संधीच या माणसाने आपल्याला दिली नाही. त्याने कॉफीला हात लावला नाही. खिशाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि तो निघाला. दारावरच्या माणसाने कार्ड मागितलं, तेव्हा ते अभयसाहेबांकडे आहे, असं त्याने सांगितलं.

रशीदाला त्याने संध्याकाळी सगळं सांगितलं. ती फार बोलणारी नव्हती. रविवारी जायचं कारण नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. जावं लागेल, असं सिराज म्हणाला. मी दिसलो नाही तर पोराला शंका येईल. यावर रशीदाने विचारलं की तुमचा विचार कुणी केला का. रविवारी तिने त्याचा ट्रॅकसूट धुऊन ठेवला होता.

सामन्याला खूप गर्दी होती. सिराज बदली खेळाडूंच्या बाकावर टोकाला बसला. सतरा वर्षांत त्या बाकावर बसायची त्याची ही पहिलीच वेळ. तिथून मैदान वेगळंच दिसत होतं, सपाट आणि लांब. पहिल्या अर्ध्यात अनिरुद्ध घाबरलेला होता. चेंडू आला की लगेच झटकून टाकत होता, जणू हातात निखारा ठेवलाय. टीम एका गोलने मागे पडली. मध्यंतराला तो घामाने निथळत आला आणि सरळ सिराजपुढे उभा राहिला. अभय दोन पावलांवर होता. त्याने सिराजकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती.

सिराजला वाटलं, उठून निघून जावं. आत्ता गेलो तर हे हरतील, आणि उद्या सगळा कॅम्प म्हणेल की सिराज असता तर. मग त्याने अनिरुद्धच्या खांद्यावर हात ठेवला.

"चेंडू जवळ ठेव. तुला वाटतोय त्यापेक्षा वेळ जास्त आहे तुझ्याकडे. एक श्वास घे, मग दे."

दुसऱ्या अर्ध्यात मुलगा बदलला. वीस मिनिटांत बरोबरी झाली. सामना संपायला दहा-बारा मिनिटं असताना अनिरुद्धने मधोमध चेंडू अडवला, एक श्वास थांबला आणि उजवीकडे मान न वळवता असा पास दिला की फॉरवर्ड गोलपुढे एकटाच उरला. गोल झाला. बाकावरची पोरं उड्या मारत मैदानाकडे धावली. सिराज जागेवरच बसून होता. तो पास त्याचा होता. तंतोतंत त्याचा. आणि तो आता त्याच्याशिवायही होत होता. अभयचा निर्णय बरोबर होता, हे त्याला त्या क्षणी दिसलं, आणि त्यामुळे दुखणं कमी झालं नाही. चूक ठरला असता तर निदान राग तरी सरळ राहिला असता.

अभयने खूण केली, उतरायची तयारी कर. सिराजने नकारार्थी मान हलवली. अभय जवळ आला, कानाशी वाकून शेवटची पाच मिनिटं तरी, असं म्हणाला. "मी खेळायला आलो नव्हतो," सिराज म्हणाला.

दोन-एकने जिंकले. करंडक झाला, फोटो झाले, आणि मग अभयने माईक घेतला. तो चांगलं बोलायचा, पहिल्यापासूनच. सतरा वर्षांचा हा आमचा आधारस्तंभ, असं म्हणत त्याने सुरुवात केली, आणि पुढे सांगितलं की सिराजने टीमच्या भल्यासाठी स्वतःहून आपली जागा एका तरुण खेळाडूला दिली. मैदानभर टाळ्या झाल्या. कंपनीच्या साहेबांनी सिराजच्या खांद्यावर शाल घातली आणि हातात नारळ दिला. अनिरुद्धने वाकून पायांना हात लावला. रडत होता तो. सिराजने त्याला उठवून छातीशी धरलं. अभयनेही हात पुढे केला होता. सिराजचे दोन्ही हात अडकलेले होते, आणि ते त्याने मोकळे केले नाहीत.

त्यानंतर तो गोळीबार इलेव्हनच्या मैदानावर गेला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, गुडघा. लोकांना ते खरंच वाटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

दीड वर्ष गेलं. अनिरुद्धला कंपनीने आधी बंगळूरला आणि तिथून अमेरिकेला पाठवलं. जाण्याआधी तो दुकानात येऊन गेला, तासभर बसला. सिराजने तेव्हाही त्याला काही सांगितलं नाही. मग सॉफ्टवेअरवाल्यांचे दिवस फिरले, कंपनीने टीमवरून हात काढला, आणि एका दुपारी अभय नाना पेठेत आला. केस पांढरे झाले होते. स्टुलावर बसला. टीम मोडायला आलीय, पोरं पांगताहेत, असं तो सांगत होता. खेळू नकोस, पण शिकवायला ये. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत.

सिराज रेक्झिनवर खडूने रेघ मारत होता. त्याने ती पूर्ण मारली.

"मी स्वतःहून जागा सोडलीय, अभय. तू माईकवर सांगितलंयस सगळ्यांना. आता परत आलो तर तू खोटा पडशील."

समोरच्या दुकानदाराने हाक मारून चहा घेणार का विचारलं, तर दोघंही नको म्हणाले. मग अभय उठला आणि गेला. टीम त्या वर्षाअखेर बंद झाली. सिराजला त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचाही राग आला.

पुढच्या उन्हाळ्यात अभयचे वडील वारले. सिराजला ते बाजारात कळलं. तो दुकानाचं शटर अर्धं ओढून तसाच वैकुंठ स्मशानभूमीत गेला आणि मागे, झाडाजवळ उभा राहिला. लिमये मंडळींपैकी काही जणांनी त्याला ओळखलं, मान हलवली. अभय ओल्या पंच्यात उघडा उभा होता. वळताना त्याची नजर गर्दीतून सिराजवर आली आणि थांबली. तो त्याच्याकडे यायला निघाला होता, पण कुणीतरी त्याला पुढे बोलावलं.

सगळं आटोपेपर्यंत सिराज थांबला. मग बाहेरच्या नळावर हातपाय धुतले आणि कुणाशी न बोलता दुकानाच्या वाटेला लागला.