बॅरिस्टरबाईंचा प्रश्न

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच राहिलं आणि लिफ्ट मात्र वर निघून गेली. म्हातारे शिंपीकाका बोलण्याच्या नादात आत पाऊल टाकायला गेले, ते थेट खाली पडून जागीच गेले. सकाळीच लिफ्ट दुरुस्त करून मिस्तरी फाटकाशी बिडी ओढत बसला होता. खटला त्याच्यावरच उभा राहिला.

बॅरिस्टर शोधायचं काम मेहुण्याने अंगावर घेतलं. पहिले बॅरिस्टर नामांकित. त्यांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. “दोष इमारतीच्या मालकाचा. तुम्ही नुसते गप्प बसा.”

मिस्तरीला हायसं वाटलं.

दुसऱ्या बॅरिस्टरबाईंच्या खोलीत खुर्च्यांवरही फायली. दोघे उभेच राहिले.

“दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही,” बाई म्हणाल्या. “मग ती हलली कशी?”

मिस्तरीने मेहुण्याकडे पाहिलं.

“बाई, हे त्या मालकाला विचारा की,” मेहुणा म्हणाला.

“मी नाही विचारलं, तर कोर्टात समोरचा विचारेल.”

रस्त्यावर आल्यावर मेहुणा उखडला. “भावजी, ही आपली वकील की त्यांची? विकतचं दुखणं कशाला? मोठ्या साहेबांकडेच जाऊ. त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही.”

तेच मिस्तरीच्या मनात रुतलं. त्याला कोर्टातला आरोपीचा पिंजरा दिसला, समोर बसलेल्या शिंपीकाकू दिसल्या, आणि तोच प्रश्न सगळ्यांदेखत ऐकू आला.

“तू थांब इथे.”

“अहो, कुठे निघालात?”

तो जिना चढून गेला.

“चाचणीपुरती आम्ही एक तार जोडतो,” तो दारातूनच म्हणाला. “वर, मशीनच्या खोलीत. ती असली की दार उघडं असतानाही लिफ्ट चालते. त्या दिवशी काढायची राहिली.”

“पोलिसांना तार सापडली नाही.”

“काका पडले तेव्हा सगळे खाली धावले,” तो म्हणाला. “मी वर धावलो.”

“घरी माहीत आहे?”

“कुणालाच नाही.”

बाईंनी एका खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. “बसा. पहिल्यापासून सांगा.”

सोडवीन, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.