हिलोहून आलेला कॅचर

अल्डरटन कॉलेजची बेसबॉल टीम वाढतेय, हे केआवे पाचेकोने पहिल्यांदा ऐकलं ते समुद्रातल्या बेटावर, होनोका गावातल्या आपल्या घरी, जेवायच्या टेबलावर. कोच व्हिटलॉक संघासाठी मुलं शोधत ओरेगॉनहून समुद्र ओलांडून आले होते. दारात बूट काढले तेव्हा त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता आणि त्याची त्यांना काडीची लाज वाटली नाही. आईच्या हातचा भात त्यांनी दोनदा मागून घेतला. केआवेच्या बापाचं मत तिथेच ठरलं. जो माणूस आपल्या घरी असा पोटभर जेवतो, तो आपल्या पोराला उपाशी ठेवणार नाही, असा त्याचा हिशेब.

कॉलेज लहान, अभ्यासाचं. रसायनशास्त्राच्या वर्गात मोजकी मुलं, प्राध्यापक नावाने हाक मारणारे. बेटांवरची बहुतेक पोरं ओरेगॉनातल्या दुसऱ्या दोन-तीन कॉलेजांत जायची. तिथे त्यांचे क्लब होते. वसंतात ती पोरं मोठ्या मेजवानीचा घाट घालायची, आणि आया-मावश्या पेट्या भरभरून खाणं घेऊन विमानाने यायच्या. केआवेने नेमकी तीच कॉलेजं टाळली. तिथे आपल्यासारख्यांची रांग लागलेली, आपला नंबर कधी लागायचा? अल्डरटनात तो बेटावरचा पहिलाच असणार होता. "तू ये, तुझ्यामागून बाकीचे येतील," असं कोच म्हणाले होते, आणि ते मनापासून म्हणाले होते.

टीम वाढली. पूर्वी कोचना मुलांच्या हातापाया पडून संघ भरावा लागे, आता बाकावर बसायला जागा पुरत नव्हती. हिरवंगार नवं मैदान झालं, दिवे लागले. मात्र केआवेच्या मागून कुणी आलं नाही. दुसरं वर्ष सुरू झालं तरी अख्ख्या कॉलेजात बेटावरचा तो एकटाच. हौसेने हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बरं, तक्रार करावी तर कुणाची? त्याच्याशी वाईट कुणीच वागत नव्हतं. उलट जो तो कौतुकाने विचारायचा, तू लाटांवर फळी घेऊन खेळत असशील ना? केआवेचं गाव समुद्रापासून उंच, कड्यावर, गुराढोरांच्या कुरणात. बाप घोड्यावर बसून गुरं वळणारा. फळीवर केआवे जन्मात उभा राहिला नव्हता. पहिल्या वर्षी त्याने हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षी तो नुसतं "हो" म्हणू लागला.

आणि बोलण्याचंही तसंच. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तो जेवताना घरच्यासारखं भरभर काहीतरी बोलून गेला. टेबलावरची पोरं हसली, चांगल्या मनाने हसली, आणि म्हणाली, पुन्हा बोल ना, काय गोड वाटतं. तेव्हापासून प्रत्येक वाक्य तो तोंडात घोळवून, धुऊनपुसून बाहेर काढायचा. असं बोलणारा माणूस फार बोलत नाही. त्यामुळे पोरांनी ठरवून टाकलं की केआवे शांत स्वभावाचा आहे.

नोव्हेंबरात कोचनी त्याला बोलावून घेतलं. तुझ्याच बेटावरचा, हिलो गावचा एक मुलगा कॉलेज बघायला येतोय, शुक्रवार ते रविवार, तो तुझ्या खोलीत राहिला तर चालेल का, असं विचारलं. केआवेला इतका आनंद झाला की तो प्रश्न संपायच्या आधीच हो म्हणाला. मग कोच जरा घुटमळले.

"दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो," ते म्हणाले. "तो कॅचर आहे."

कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. चेंडू टाकणारे टीममध्ये डझनभर असतात आणि आलटून पालटून खेळतात. कॅचर खेळतो एकच, बाकीचे बाकावर. केआवे कॅचरच होता. पहिलं अख्खं वर्ष त्याने बाकावर काढलं होतं, हेही तसंच जाणार होतं. पण सध्याचा कॅचर ब्रॅडी मे महिन्यात पदवी घेऊन जायचा होता, आणि पुढच्या वर्षी त्याच्या जागी केआवेच, हे सगळे धरून चालले होते. त्या एका गोष्टीच्या आधारावर तो तग धरून होता.

"जो चांगला असेल तो खेळेल, तुला खोटी आशा लावणार नाही," कोच म्हणाले. "पण त्याला खरं काय ते सांगणारा माझ्याकडे तुझ्याशिवाय कुणी नाही."

खरं काय ते सांगायला केआवेची काहीच हरकत नव्हती. चार दिवस तो मनात जुळवणीच करत होता. इथे ऑक्टोबरात पाऊस लागतो तो एप्रिलपर्यंत रडका चेहरा करून बसतो. मेसमधला भात शितं मोजून घ्यावीत असा मोकळा. बाकावर बसून बसून पाठ धरते. घरी जायचं विमान इतकं महाग की थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुट्टीत रिकाम्या वसतिगृहात आपण आणि पहारेकरी. यातला एकही शब्द खोटा नव्हता. एवढं ऐकल्यावर हिलोचं पोर आल्या पावली परत गेलं असतं, आणि केआवेच्या जागेला धक्का लागला नसता.

शुक्रवारी दुपारी कोचच्या गाडीतून माइका नाकासोने उतरला. अंगात पातळ जाकीट, पायात रबरी चपला, हातात दोरीने बांधलेला खोका.

"आईनं दिलंय. रिकाम्या हातानं जायचं न्हाय म्हणाली," तो म्हणाला. "काय भावा, लय गारठा की हितं!"

"गारठा? आरं, ह्यो तर उन्हाळा चाललाय आमचा," केआवेच्या तोंडून निघालं, आणि निघालं ते घोळवलेलं नव्हतं, धुतलेलं नव्हतं. त्याचा त्यालाच धक्का बसला.

मग बेटावरची दोन माणसं भेटली की होतं ते झालं. कुठल्या शाळेतला, कुणाचा कोण, तुझी आँटी कुठे कामाला. खोलीपर्यंत पोचेतो नातं सापडलंसुद्धा. माइकाच्या चुलत्याने केआवेच्या बापाकडून एकदा एक वळू नेला होता, आणि त्या वळूने हिलोत पोस्टमनला झाडावर चढवला होता. ही हकीकत दोघांनी आपापल्या बाजूने सांगितली. केआवे पोट धरधरून हसला. खोक्यात खारवलेली आलुबुखारं होती, गोड भाताच्या वड्या होत्या, सुकवलेली मासळी होती. मासळीच्या वासाने शेजारच्या खोलीतला पोरगा नाक धरून डोकावला, तर केआवे त्याला म्हणाला, "पळ, तुला न्हाय द्यायचं," आणि तेही आपल्याच भाषेत. त्या पोराने केआवेला इतकं मोठ्याने बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. तो बघतच राहिला.

शनिवारी सकाळी सरावाच्या शेडमध्ये माइकाने हातमोजा चढवला. केआवेने बाजूला उभं राहून पाहिलं. पोरगा उकिडवा बसला, चेंडू मोज्यात आला, आणि आला न आला तोच दोरी ताणल्यासारखा सरळ दुसऱ्या टोकाला गेला. केआवेचा चेंडू जाताना थोडी वाट वाकडी करून जायचा, हे त्याला ठाऊक होतं. एवढंच पुरेसं होतं. कोचनी पाहिलं, आणि केआवेकडे बघायचं टाळून ते कुणाच्या तरी बुटांबद्दल बोलू लागले.

त्या संध्याकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात केआवेने आपला भाताचा कुकर लावला. माइका ओट्याला टेकून उभा होता. त्याने सरळच विचारलं.

"खरं सांग भावा. यावं का मी हितं?"

आता इकडे आड आणि तिकडे विहीर. पोरगा आला तर उरलेली दोन्ही वर्षं बाकच, हे केआवेने सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं. नाही आला तर मैदान मिळेल, आणि रोज संध्याकाळी हा ओटा असा रिकामा. चार दिवस जुळवलेलं सगळं तोंडापर्यंत आलं होतं. केआवेने कुकरचं झाकण काढलं, भाताचा वास आला, आणि त्याला काय हवंय ते त्याला लख्ख कळलं. त्याला हा पोरगा हवा होता. खेळ गेला खड्ड्यात.

"ये," तो म्हणाला. "डोळं झाकून ये."

आणि तो सुटला. प्राध्यापक किती जीव लावतात, कोच कसा सरळ माणूस आहे, मैदान कसं आहे, चेरीला मोहर येतो तेव्हा गाव कसं दिसतं, दोघं मिळून कुकर वापरू, क्लब काढू, दोघांचा का होईना, मेजवानी करू, तुझ्या आईला बोलावू. भात जेवून झाला, भांडी घासून झाली, तरी तो बोलत होता. माइका मान डोलवत होता. तो बिचारा मध्ये एकदा हात धुवायला गेला, तर केआवे बोलत बोलत त्याच्या मागे गेला.

रविवारी सकाळी माइका कोचना भेटून आला. विमानतळाची बस गावाच्या चौकातून सुटायची. दोघं चालत निघाले. वाटेत केआवे कुठलं दुकान स्वस्त, थंडीचं जाकीट कुठे घ्यायचं हे सांगत होता. चौकात बाकावर बसल्यावर माइका म्हणाला, "मी कोचना न्हाय म्हणून आलो."

केआवेला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"घरीच राहतो. हिलोच्या कॉलेजात जातो," माइका आपल्या चपलांकडे बघत म्हणाला. "हितं काय बी वाईट न्हाय. तू सांगितलंस ते समदं खरंच हाय."

"मग?"

माइकाने चपलेने जमिनीवर एक रेघ ओढली. तो मुळात भला पोरगा होता आणि बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"राग धरू नकोस भावा. परवापासनं तू बोलतोयस. थांबलाच न्हाईस. मी निजलो तरी बोलत होतास, मी दाढी करतोय तर दाराबाहेरनं बोलत होतास." त्याने मान वर केली. "माझ्या मनात आलं, ह्यो माणूस दोन वर्सं कुणाशी बोललाच न्हाय. मला लय भ्या वाटलं."

"आपण दोघं असतो की," केआवे म्हणाला.

"तू दोन वर्सांनी पदवी घिऊन जाणार. मग मी एकलाच की."

यावर बोलण्यासारखं खूप होतं. आपलं बरं चाललंय, तसं काही नाही, तुझा गैरसमज झालाय, दोन वर्षांत शंभर पोरं येतील. सगळं केआवेच्या जिभेवर होतं. पण जे बोलावं ते त्याच्याच विरुद्ध साक्ष देणार होतं. आपण एकटे नाही, हे पटवून द्यायचा आता एकच मार्ग उरला होता, आणि तो म्हणजे गप्प बसणं.

म्हणून तो गप्प बसला. बस यायला वेळ होता. कोपऱ्यावरच्या बेकरीतून लोक पाव घेऊन चालले होते, कुणीतरी केआवेला ओळखून हात केला, त्याने हात केला. बारीक पाऊस पडायला लागला. माइका अधूनमधून त्याच्याकडे बघत होता, काहीतरी बोलेल म्हणून. पुन्हा कधी असा वेळ मिळणार नव्हता, हे केआवेला कळत होतं. तरी त्याने ओठ घट्ट मिटून ठेवले होते.

बस आली. माइका उठला, त्याने केआवेला मिठी मारली आणि म्हणाला, "बोल की काहीतरी."

"नीट जा," केआवे म्हणाला.

बस वळणाआड गेली. पुढच्या वर्षी कॅचरची जागा आता त्याचीच होती, आणि ही बातमी ज्याला सांगावीशी वाटली असती असा त्या गावातला एकुलता एक माणूस त्या बसमध्ये होता.