पाठ शेकण्यापुरता जाळ

मी भट्टी बोलतेय. दारूची नव्हे, पावाची. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भट्टी म्हटलं की लोकांच्या मनात भलतंसलतं येतं.

एका गल्लीच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाला लागून एक बुटकी इमारत आहे. तिच्या मागच्या खोलीत मी ठाण मांडून बसलेय. मला उठून कुठे जाता येत नाही, त्यामुळे जे काही आयुष्य पाहिलं ते या एका खोलीतलं आणि समोरच्या खिडकीतून दिसणारं.

मला बांधलं एका ढेरपोट्या गवंड्यानं. त्याने आधी ओल्या वाळूचा ढीग रचला, थापून थापून गोल केला आणि त्यावर विटा बसवल्या. विटांनी एकमेकींना घट्ट धरल्यावर माझ्या तोंडातून हात घालून सगळी वाळू बाहेर ओढली. पोट रिकामं झालं तोच माझा जन्म. स्वतःच्या पोटावरून हात फिरवत तो म्हणाला, पोरगी माझ्यावर गेलीय. मला बांधून घेणारी बाई खो खो हसली.

ती बाई म्हणजे आत्या. अख्खी गल्ली तिला आत्याच म्हणायची. ठेंगणी, ठसठशीत, जिभेला धार. तिने गवंड्याला बजावलं होतं की भट्टीचं तोंड माझ्या उंचीला ठेव, पुढे जो येईल तो आपलं बघून घेईल. पुढे आला तिचा भाचा. आईबाप लवकर गेले म्हणून लहानपणीच तिच्याकडे आलेला. तो असा ताडमाड वाढला की गल्लीने त्याचं नाव लांब्या ठेवलं, आणि लांब्याला जन्मभर माझ्यापुढे कमरेत वाकावं लागलं. नवख्या माणसाला वाटायचं, किती नम्र आहे हा.

आत्याने त्याला पीठ मळायला शिकवलं, जाळ ओळखायला शिकवलं. नाक मात्र त्याचं स्वतःचं. बाहेर लाकडं फोडत असताना मध्येच कुऱ्हाड ठेवून तो आत यायचा, लांब दांड्याचं फावडं माझ्या तोंडात सरकवायचा आणि पाव बाहेर काढायचा. नेमके त्याच घडीला ते झालेले असायचे. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणायचा, वास बदलला.

त्याची बायकोही वासाच्या मागेमागेच आली. ती बसची ड्रायव्हर. सकाळची बस काढण्याआधी गरम पाव न्यायला यायची. हळूहळू पाव हातात पडल्यावरही तिचा पाय निघेना. आत्याने एक दिवस सरळ विचारलं, रोज पाव नेतेस, आमचा हा लांबडाही नेतेस का? तिने त्याला नेलं नाही. तीच इथे राहायला आली.

मग आत्याचे डोळे गेले. दिव्याची वात कुणी हळूहळू खाली करावी तसे गेले. शेवटी उजेड-अंधार तेवढा कळायचा. ती माझ्याशेजारी बुटक्या स्टुलावर बसू लागली, माझ्या उबदार कुशीला पाठ टेकून. आणि खिडकीतून रोज शेजारच्या चष्मेवाल्याशी भांडायची. आंधळ्या बाईचं चष्मेवाल्याशी काय भांडण असणार? पण त्यांना विषयांचा तोटा नव्हता. समोरच्या झाडावर ओरडतो तो पक्षी नर की मादी, जुना नळ गल्लीच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, असल्या गोष्टींवर दोघं हातघाईवर यायची. ऐन रंगात आल्यावर आत्या म्हणायची, राहू दे, उरलेलं उद्या.

एका हिवाळ्यात लांब्याला ताप आला. चांगलाच लांबला. ताप उतरला, पण जाताना त्याचा वास आणि चव घेऊन गेला. पहिल्या दिवशी तो माझ्यापुढेच उभा होता. आतले पाव तपकिरी झाले, काळे झाले, धूर निघायला लागला, तरी तो तसाच. चष्मेवाला धावत आला तेव्हा कुठे त्याला कळलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणारही नाही. वाट बघावी लागेल.

तो वाट बघत राहिला आणि आतून विझत गेला. जेवण म्हणजे ओला कापूस गिळणं, असं बायकोला सांगायचा. पुढेपुढे तेही सांगेना. पिठाच्या पोत्यांवर बसून भिंतीकडे बघायचा. आणि एक सकाळ अशी आली की त्याने मला पेटवलंच नाही.

आम्ही भट्ट्या एका दिवसात गार होत नाही. विटा ऊब धरून ठेवतात, कंजुषाने धरावी तशी. रोज थोडी थोडी निसटत गेली. एका कोळ्याने माझ्या तोंडावर जाळं विणलं. बांधल्यापासून मला गारठा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, ते तेव्हा कळलं. गारठा दुखत नाही. काहीच वाटेनासं होतं, हेच त्याचं वाईट.

त्याच दिवसांत एका दुपारी त्याची बायको ड्यूटीवरून आली आणि गणवेश न बदलताच त्याच्याशेजारी पोत्यावर बसली. मग तो म्हणाला,

"सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

तिचा चेहरा पांढरा पडला. पण ती रागावली नाही, की लोकांकडे बघ, त्यांची दुःखं बघ, असलं काही म्हणाली नाही. तिने त्याचा पिठाविना कोरडा झालेला हात हातात घेतला.

"तू हे मला सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "उद्या आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. आणि परवा माझी सकाळची पाळी आहे, डबा तू करून दे."

गेले दोघं. मनाचे डॉक्टर होते. तो आढेवेढे न घेता गेला, पुढेही जात राहिला. गोळ्यांनी झोप लागायला लागली. बायकोचा डबाही तो करू लागला. मीठ कमी-जास्त व्हायचं, ती मुकाट खायची. पण ती गेल्यावर उरलेला दिवस त्याच्या अंगावर यायचा.

मग आत्याने हाक मारली. आधीच सांगते, तिने उपदेश केला नाही. ती चिडलेली होती.

"माझी पाठ धरलीय," ती म्हणाली. "या बयेच्या कुशीला टेकून बसत होते तोवर बरी होती. पाव करू नकोस, नको तर. पण पाठ शेकण्यापुरता जाळ कर."

त्याने कोळ्याचं जाळं काठीने अलगद काढून खिडकीत ठेवलं आणि दोन बारीक काटक्या पेटवल्या. इतके दिवस गार पडलेल्या भट्टीत एकदम आग घातली तर ती तडकते, हे तो विसरला नव्हता. हळू हळू, एकेक काटकी देत गेला. आत्या स्टुलावर बसली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून तोही खाली बसून माझ्या भिंतीला टेकला. दोघांच्या पाठी मला लागत होत्या. एक रुंद, एक वाकलेली. संध्याकाळपर्यंत माझ्या विटांना जाग आली.

दुसऱ्या दिवशी आत्याची पाठ पुन्हा दुखत होती. तिसऱ्याही दिवशी. पाठीला काय, दुखायला मुहूर्त लागत नाही. लांब्या रोज जाळ करी आणि शेजारी बसे. असंच एकदा त्याने तिला विचारलं, डोळे गेले तेव्हा तू कशी राहिलीस? ती म्हणाली, कशी म्हणजे, आधी रडले. मग त्या चष्मेवाल्याने काहीतरी चुकीचं बोलून माझं डोकं फिरवलं. मी उत्तर दिलं, त्याने प्रत्युत्तर दिलं, आणि अंधार पडला म्हणून भांडण अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी उठावंच लागलं.

"तेव्हापासून भांडण कधी पुरं करत नाही मी," ती हळूच म्हणाली. "त्याला सांगू नकोस. त्याला वाटतं, मी हरत आलेय म्हणून थांबते."

लांब्या हसला. नाकातून आल्यासारखं, जेमतेम हसू. पण भिंतीला टेकलेला असल्यामुळे ते मला आधी कळलं.

मग आत्याने दुसरी तक्रार काढली, की नुसता जाळ वाया जातोय. त्याने थोडं पीठ मळलं. पाव आत गेल्यावर मात्र ते कधी काढायचे हे त्याला कळेना. आत्या म्हणाली, काढ एकेक आणि माझ्या कानाशी आण. तिने पावाच्या बुडावर बोटाने टकटक केलं. कच्चा पाव भरलेल्या माठासारखा बद्द वाजतो, झालेला पोकळ वाजतो. डोळे गेल्यापासून ती असंच ओळखायची. त्याने कान लावला. बाहेर काढून ठेवलेले पाव थंड होताना त्यांचं कवच बारीक तडतडतं, तेही त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं वासाच्या नादात त्याने ते ऐकलंच नव्हतं. एकीला डोळे नाहीत, एकाला नाक नाही. दोघांचा मिळून एक धड पाववाला झाला, असं चष्मेवाला गल्लीभर सांगत सुटला. आत्याने त्याच्याशी त्यावरूनही भांडण काढलं.

वास परत आला का, असं तुम्ही विचाराल. एकदा आला. कोपऱ्यात भिजलेलं गोणपाट कुजत होतं. लांब्या पीठ मळता मळता थबकला, हुंगत हुंगत कोपऱ्यात गेला, आणि पिठाच्या हातांनी बायकोला ओढत घेऊन आला. घाण वास येतोय, घाण वास येतोय, असं म्हणत तो रडत होता. कुजक्या गोणपाटाचा एवढा सन्मान जगात कुठे झाला नसेल. पुढे धुराचा आणि साबणाचा थोडा थोडा आला. पावाचा कधीच आला नाही.

आत्या गेली ती झोपेतच. सकाळी चष्मेवाला खिडकीशी आला तेव्हा त्याला सांगायला लांब्या स्वतः उभा राहिला. त्या म्हाताऱ्याने खिडकीची चौकट धरली आणि समोरच्या झाडाकडे बघितलं. मग म्हणाला, "ती बरोबर होती. मादीच आहे ती."

मला तेव्हा भीती वाटली होती. वाटलं, आता हा पुन्हा मला गार पडू देईल. दुसऱ्या सकाळी लांब्या आला. डोळे सुजलेले. बुटकं स्टूल त्याने पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं. मग वाकला, आणि मला पेटवलं.

आता माझं वय झालंय. घुमटाला एक भेग गेलीय. गवंड्याच्या लेकीने माती भरून दिली आणि म्हणाली, चालेल अजून. तर चालतेय. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की कुणी आपलं माणूस गार पडलेलं दिसलं, तर त्याच्याकडून एकदम टोपलीभर पावांची अपेक्षा करू नका. थोडं काहीतरी मागा, आणि शेजारी बसा.

हल्ली आमच्याकडे एक नवीन प्रकार सुरू झालाय. पहिला पाव फोडला की लांब्या बायकोला विचारतो, सांग, आज कसा वास आहे? सुरुवातीला ती म्हणायची, पावासारखा, आणखी कसा असणार. तेवढ्याने त्याचं भागेना. मग बस चालवताना, सिग्नलला थांबल्यावर ती शब्द शोधायला लागली. एकदा म्हणाली, उन्हात वाळलेली चादर घडी घालताना येतो तसा. एकदा म्हणाली, परगावाहून आलेल्या माणसाची बॅग उघडली की येतो तसा. मीही कान देऊन ऐकते. माझ्या पोटातून इतके पाव गेले, पण गवंड्याने मला तोंड दिलं, नाक काही दिलं नाही.

आज सकाळी तिने पाव नाकाशी धरला. मग म्हणाली,

"आपण दमून घरी यावं, किल्ली काढावी, आणि बघावं तर दार आतून उघडंच असावं. तसा."

लांब्याने डोळे मिटले आणि तो तुकडा सावकाश, फार सावकाश चावत राहिला.