वाळू लागलेली दोरी

साकीनाक्याच्या त्या दहा मजली इमारतीच्या गच्चीवर भर दुपारी प्रज्योतची गाळण उडाली होती. काचा पुसायला दोरीवरून उतरलेला त्याचा जोडीदार सहदेव तीन मजले खाली लोंबकळत होता आणि त्याला काही केल्या वर येता येईना. त्याच्याखाली अर्धवट बांधकामाच्या सळ्या उभ्या, म्हणून काम झालं की इथे वरच चढायचं.

त्यासाठी जुमार असतो. मुठीत धरायचं यंत्र, आत बारीक दात. दोरीवर वर सरकतं, खाली येत नाही. येऊच नये! पण सहदेव हातभर चढायचा आणि दीड हात घसरायचा. घसरत घसरत दोरीच्या टोकाच्या गाठीवर येऊन अडकला, तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं.

"माका वर घे रे," एवढंच म्हणाला आणि त्याने मान टाकली.

पट्ट्यांत निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं. काही मिनिटांत खेळ खल्लास. प्रज्योतला हे शिकवलं होतं. नसतं शिकवलं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

त्याने खांबाला पुली लावली, ओढलेली दोरी मागे जाऊ नये म्हणून आपला जुमार अडकवला आणि दोरी ओढली. जुमार सुटला. तळवे सोलवटले. उघडून बघतो तर दातांत वाळू ठासलेली.

ही नवी दोरी परवा त्यानेच वेसाव्याला घरी नेऊन समुद्रात भिजवली आणि किनाऱ्यावर वाळत घातली होती. घर कोळ्यांचं, नवी दोरी समुद्रात बुडवून मऊ केल्याशिवाय त्याचा बाप होडीवर चढवायचा नाही. होडीला ठीक आहे रे बाबा, इथे माणूस टांगायचा होता! अक्कल पाजळली याने, भोगतोय दुसरा. "मी मारला याला," तो पुटपुटला.

पिशवीत बारीक दोरीचे दोन फास होते. त्याने ते मोठ्या दोरीभोवती तीन-तीन वेढे देऊन आवळले. घाईत पहिला वेढा दोनदा चुकला. वजन आलं तसे फास घट्ट बसले, वाळूला जुमानेनात. हातभर ओढ, फास पुढे सरकव, पुन्हा ओढ.

"सहदेवदादा, बोल ना काहीतरी."

प्रज्योत रडत ओढत राहिला.

शेवटी कठड्यावर हेल्मेट आलं. प्रज्योतने त्याला आत ओढलं, पट्टे सोडले, तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने सहदेवने डोळे उघडले.

"वाचयलंस रे माका."

गप्प बसता आलं असतं. "दादा, ती दोरी मी समुद्रात भिजवून आणली होती. म्हणून जुमार सुटत होता."

सहदेवने त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या खांद्यावरचा प्रज्योतचा हात काढून बाजूला ठेवला.

"उद्यापासून माझ्या दोरीक हात लावू नको."

"बरं," प्रज्योत म्हणाला.