जावयाने दिलेली टॉप-अप

मी एक टॉप-अप पॉलिसी बोलतेय. आरोग्य विम्याची. मुक्काम बजाजनगर, सांडू यांचं लोखंडी कपाट, साड्यांच्या घडीखाली. मी खोटी नाही. माझ्यात लिहिलंय तसंच मी वागले. तरी यंदाच्या हिवाळ्यापासून पारूबाईंनी कपाट उघडलं की त्यांच्यासमोर येऊ नये असं वाटतं.

त्यांचे यजमान सांडू वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. नोकरी होती तोवर दवाखान्याचा खर्च कंपनीच्या विम्यातून निघायचा. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटो निघाला, आणि त्याच संध्याकाळी तो विमा संपला. भाषणं ठोकणाऱ्या साहेबांपैकी एकानेही हे स्टेजवरून सांगितलं नाही. शरीर कुरकुरायला लागतं नेमकं तेव्हाच माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात.

मग सांडूंनी बँकेतून नवरा-बायकोसाठी मिळून तीन लाखांची साधी पॉलिसी घेतली. ती माझी थोरली बहीण. तिच्या तीन लाखांच्या पलीकडचा खर्च उचलायला म्हणून मला आणलं राजेंद्रने. हा त्यांच्या मुलीचा, सरिताचा नवरा, फुलंब्रीचा, धंद्याने विमा एजंट.

"मामा, तीन लाखांच्या पुढं गेलं की ही हाय. हप्ता लई कमी," तो म्हणाला.

सांडूंच्या ओठांवर प्रश्न आला होता, मी पाहिला. कारखान्यात नवं मशिन आलं की हा माणूस उघडून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. पण समोर जावई जेवायला बसलेला. जावयाला खोदून विचारणं म्हणजे त्याचा पाणउतारा, अशी त्या घराची रीत. सांडूंनी सही केली. पारूबाईंनी पोळीवर तूप वाढलं.

भाद्रपदात पारूबाईंना डेंगी झाला. अतिदक्षता विभागात राहावं लागलं. थोरलीने सगळा खर्च भागवला आणि तिचे वर्षाचे तीन लाख त्यातच संपले. घरात सगळे निर्धास्त होते, पुढचं माझ्यावर म्हणून. तसं नव्हतं, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

पौषात त्या मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला उशीर केला तर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलं. सांडू मला घेऊन दवाखान्याच्या विमा खिडकीवर गेले. तिथल्या तनुजाने माझी पानं उलटली.

"काका, खर्च येतोय अडीच लाख. ही तीन लाखांच्या वर लागू होते."

"अगं बाई, ते तीन तर डेंगीतच गेले की."

"ते बिल वेगळं, हे वेगळं. ही दर आजाराचं बिल सुटं बघते. वर्षभराची बिलं एकत्र धरते ती सुपर टॉप-अप. तुमची ती नाहीये."

"तिचा हप्ता लई जास्त असतो का?"

"नाही काका. थोडाच."

सांडू बाकावर बसले. मी त्यांच्या मांडीवर. आत पारूबाई कण्हत होत्या आणि मला एक रुपया देता येत नव्हता. दोन वेगळ्या वस्तूंना जवळजवळ एकच नाव द्यायचं, निवृत्त माणसाला फरक सांगायचा नाही आणि नंतर नियमावर बोट ठेवायचं, या धंद्याची मला चीड येते. पण ते बोट माझ्याच पानावर होतं.

राजेंद्र धापा टाकत आला. सवयीने सांडू त्याला जागा द्यायला उठायला लागले. मग बसूनच राहिले.

"जावईबापू, एक विचारतो. ही देताना तुम्ही वाचली व्हती का?"

राजेंद्र भिंतीकडे बघत बोलला, "नाय मामा. हप्ता कमी, की पटकन खपती. एवढंच बघितलं." मग हळूच म्हणाला, "माझ्या आई-बापालाबी हीच दिलीय."

सांडू उठून बँकेत गेले. मुदत ठेव मोडून ऑपरेशन झालं.

आता चैत्र आहे. माझी मुदत संपत आलीय. काल राजेंद्र सुपर टॉप-अपची माहिती घेऊन आला. सांडू म्हणाले, "मग हिला टाकून द्यायची?"

"नको मामा. नवी मंजूर होऊन हातात येऊ द्या. मधे खंड पडला तर या वयात लई अवघड." माझ्याबद्दल इतक्या विचाराने बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुमच्या कपाटात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला बाहेर काढा, दोन आजार एका वर्षात आले तर ती काय करेल ते विचारा. देणारा घरचा असला तरी विचारा. मी जाणार आहे, आणि पारूबाईंची माफी मागायला मला तोंड नाही.

काल हे बोलणं चालू असतानाच त्या वॉकर धरून बाहेर आल्या. राजेंद्रने फायदे सांगायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"फायदे ऱ्हाऊ द्या. काय मिळत नाय ते आधी वाचा. मोठ्यानं."

राजेंद्रने पान उलटलं. "खुब्याच्या जुन्या दुखण्याला सुरवातीची काही वर्षं काहीच मिळणार नाय, मामी."

"हां," पारूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "असं सांगत जा. पुढचं वाचा."