चार मण्यांचं वळण

"ऋतुजा, थांब! बटण दाबू नकोस!"

नम्रता दारातूनच ओरडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये पाऊल टाकत होती आणि ऋतुजाचं बोट खिडकीजवळच्या टेबलावरच्या पंपाकडे निघालं होतं. पंपाच्या गळ्यात खंडेनवमीचा झेंडूचा हार तसाच होता.

"तुलाही दसऱ्याच्या शुभेच्छा," ऋतुजा बोट मागे घेत म्हणाली. नारायण पेठेतल्या या मुलीला दचकणं माहीतच नव्हतं. "आता ओरडण्याचं कारणही सांगितलंस तर बरं होईल."

नम्रताने नुसतं बोट दाखवलं. पंपाशेजारच्या लाकडी स्टँडमध्ये तिच्या काचेच्या इवल्या बाटल्या होत्या. त्यातल्या एकीच्या तळाशी काहीतरी लखलखत होतं. धारदार कडांचं, पारदर्शक, साबुदाण्याहून लहान. एक नव्हे, चांगले चार-पाच स्फटिक.

"अगं बाई," ऋतुजा म्हणाली.

दोन वर्षं नम्रता या क्षणाची वाट पाहत होती. चार अमिनो आम्लांची एक साखळी तिने बनवली होती. चार मण्यांची माळच म्हणा. टोकं भलत्याच कशाला चिकटू नयेत म्हणून दोन्हीकडे रासायनिक टोप्या घातलेल्या, थंडीत बाहेर काढलेल्या बाळाला घालतात तशा. नम्रताचं म्हणणं असं, की ही एवढीशी साखळीसुद्धा आपली आपण वळते, केसांत खोचायच्या आकड्यासारखी. तिचे गाइड केतकर सर म्हणत, "चार मण्यांत कसलं वळण, नम्रताबाई? सरळच राहणार ती." खरं काय ते ठरवायचा मार्ग एकच. साखळीचा नीट स्फटिक वाढवायचा आणि त्यातून क्ष-किरण सोडून अणू कुठे कुठे बसलेत ते पाहायचं. पण बाटलीत दर वेळी यायचा तो नुसता कापूस. बारीक सुयांचा गुंता, क्ष-किरणांना काडीच्या कामाचा नाही.

शेवटी सरांनी सांगून टाकलं होतं, दसऱ्यानंतर क्ष-किरणांचं मशीन आपल्याला मिळेल तेव्हा स्फटिक नसेल, तर हे प्रकरण थिसिसमधून बाहेर. आणि नवीन वर्षात तर तिच्या नवऱ्याला, आनंदला, हडपसरची कंपनी अमेरिकेला पाठवणार होती. नम्रता आणि छोटी लेक अपू बरोबर जाणार. म्हणजे ही साखळी वळते की नाही, हे तिला पुन्हा कधी कळणारच नव्हतं.

"पण आत्ताच कसे आले?" ऋतुजा बाटलीपाशी वाकली. "तू तर खंडेनवमीलाही आली नव्हतीस."

"अपूला ताप होता ना." नम्रता पंपाकडे पाहत राहिली. वर्षभर रात्रंदिवस घरघरणारा पंप. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती द्यायची म्हणून त्याची पूजा करून तो बंद केला, आणि दसऱ्याच्या सुट्टीत तो बंदच राहिला. तिने टेबलावर तळहात टेकवला. टेबल निश्चल होतं. ते कधी निश्चल असू शकतं, हेच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "ऋतुजा, मी बाटल्या इथे ठेवल्या त्या उजेडात दिसाव्यात म्हणून. आणि हा पंप त्यांना वर्षभर हलवत बसला! झोपलेल्या पोराला कुणी सारखं गदागदा हलवावं तसं."

"म्हणजे आपण मेथेनॉल बदललं, पाणी बदललं, तापमान बदललं," ऋतुजा शांतपणे म्हणाली. "पंप बंद करायला मात्र देवीच यावी लागली."

केतकर सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून एवढं निघालं, तर बाकीच्यांनी पेढे वाटायला हरकत नसे. "मशीनवर न्या. लगेच."

पण पहिला स्फटिक बाहेर काढला आणि हवा लागताच तो दुधासारखा पांढरा पडला. दुसऱ्याला तर बारीक तडा गेला. बाहेर आल्यावर आतलं पाणी उडून जात होतं.

"तेल!" ती एकदम म्हणाली. "बाटलीतून थेट घट्ट तेलाच्या थेंबात घेऊ. हवा लागूच द्यायची नाही."

मशीन सांभाळणारा माधव म्हणाला, "मॅडम, मी उचलू का?"

"नको रे. झोपलेल्या अपूची नखं कापते मी. याला माझाच हात लागणार."

केसाएवढ्या काचेच्या काडीवर तिने तिसरा स्फटिक अलगद उचलला. श्वास सोडला तो मशीनचं दार लागल्यावरच. पडद्यावर पहिलं चित्र उमटलं. ठिपकेच ठिपके, स्वच्छ, टाचणीने टोचल्यासारखे. स्फटिक चांगला होता. माधवने टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी नम्रता विश्रांतवाडीच्या घरातून निघाली तेव्हा अपू तिचा पदर सोडेना. यवतमाळहून आलेल्या सासूबाई, दुर्गाबाई, तिला कडेवर घेत म्हणाल्या, "जाय व तू, नम्रता. इले मी पायतो. तुह्या त्या मण्यांचं काय झालं ते पाहून ये. मले बी रात्रभर झोप नाही आली."

"तुम्हाला कशानं, आई?"

"तू कूस बदलत होती ना पलीकडे!"

लॅबमध्ये संगणकावर आकृती तयार होत होती. एकेक अणू जागेवर बसला, रेषा जुळल्या, आणि नम्रता खुर्चीतून उठून उभी राहिली. साखळी वळली होती! पहिल्या मण्याचं टोक मागे झुकून चौथ्याला भेटलं होतं.

"वळलीय! सर, वळलीय!"

केतकर सर चष्मा पुसत आले, वाकले. "आणि हा शेजारचा रेणू? हा तर सरळ आहे."

नम्रताने पुन्हा पाहिलं. खरंच. त्याच स्फटिकात, त्याच साखळीचे दोन रेणू शेजारी शेजारी. एक वळलेला, एक ताठ.

"म्हणजे दोघंही बरोबर," ऋतुजा म्हणाली. "पुण्यात असं पहिल्यांदाच झालं असेल."

सर हसले. मोठ्याने हसले, खुर्ची ओढून नम्रताशेजारी बसले. "हे मला सुचलंच नव्हतं. प्रकरण राहणार हं, नम्रताबाई, आणि मोठं होणार. बघू, माउस द्या इकडे. जरा फिरवून पाहू."

नम्रताने माउसवरचा हात काढला नाही. पडद्यावर तिची साखळी सावकाश फिरत होती.

"थांबा ना, सर. अजून माझंच बघून झालं नाही."