पावाची गाडी का थांबते

१९६३ साली इस्राएलच्या दक्षिणेतल्या ओफाकिम गावात दोन विषयांवर प्रत्येकाला मत होतं: सरकार आणि पावाची गाडी. सरकारचं कुणाला काही करता येत नव्हतं, म्हणून सगळे गाडीच्या मागे लागले होते.

बेकरीची ही गाडी गावातल्या डांबरी रस्त्यावर गुमान चाले. शेतकऱ्यांच्या वसाहतींकडे जाणारा कच्चा रस्ता लागला की मात्र चौथ्या-पाचव्या खड्ड्याला बंद. दहा मिनिटं रुसून बसायची, मग आपणहून चालू. मोरोक्कोवाले म्हणत, नजर लागली. रुमानियावाले म्हणत, वर कोणीतरी खातंय. आपले कोकणातून आलेले बेने इस्राएली विचारत, "एलियाहू हन्नाबीला नवसाचा मलिदा बोलला होतात काय? मग फेडलात का?"

शौल थळकरला नुसतं मत असून भागणार नव्हतं. मुंबईच्या मोटार वर्कशॉपात एकोणीस वर्षं काढलेला हा एक्कावन्न वर्षांचा माणूस बेकरीच्या गॅरेजात तीन महिन्यांच्या चाचणीवर होता. रविवारी बेकरीची कमिटी बसून त्याला क्विऊत द्यायची की नाही ते ठरवणार होती. क्विऊत म्हणजे कायमची नोकरी. ती एकदा मिळाली की माणसाला काढायला पुन्हा समुद्र दुभंगावा लागतो.

शौलने प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप उघडून पुसला. गॅरेजात गाडी तीन तास चालली, खोकलीसुद्धा नाही.

"चाललीय की," फोरमन झेएव म्हणाला. हा पोलंडचा.

"इथं चालते."

"मग वसाहतवाल्यांना इथंच राहायला बोलावू या?" झेएवने हात झटकले. "अरे होदी, गाडीला काही झालेलं नाही. ड्रायव्हर झोपतो वाटेत. रविवारी तुझ्याबरोबर दोवचाही निकाल लावतो. दोन कामं, चहा एकदाच."

होदी म्हणजे हिंदुस्थानी. झेएव ते प्रेमाने म्हणत असे, असं झेएवचंच म्हणणं होतं.

गुरुवारी सकाळी शौल दोवच्या शेजारी जाऊन बसला. एक खड्डा. दुसरा. शौलचा पाय एका जागी राहीना. तिसऱ्याला त्याने दार घट्ट धरलं. पाचव्याला इंजिन आचके देत बंद पडलं.

दोवने हाताची घडी घातली. "बघ नीट. घोरतोय का मी?"

शौलने बॉनेट उघडून पंपाकडे येणारी नळी सोडवली. थेंब नाही. त्याने नळी तोंडात धरून टाकीच्या दिशेने फुंकर मारली. मागे हुक्क्यासारखं गुडगुडलं आणि पाठोपाठ त्याच्या तोंडात पेट्रोल आलं. नळी जोडताच गाडी सुरू. पुढे दोनदा हेच घडलं. दोन्ही वेळा त्याने पेट्रोल थुंकलं.

"टाकीत काहीतरी आहे. एरवी निजून असतं. धक्का बसला की उठतं, नळीच्या तोंडावर जाऊन चिकटतं. इंजिन थांबलं की परत खाली बसतं."

"आमच्या कमिटीसारखं," दोव म्हणाला.

शौलने तारेचा आकडा करून टाकीत घातला आणि ढवळत राहिला. शेवटी आकड्याला लागून वर आलं ते मलमलीचं फडकं होतं. कडेला त्याच्या बायकोने, जूडिथने, घातलेली निळी टीप.

महायुद्धाच्या दिवसांत मुंबईत पेट्रोलमध्ये इतकं पाणी आणि गंज असे, की फनेलवर फडकं धरून गाळल्याशिवाय कोणी टाकीत ओतत नसे. इथलं पेट्रोल स्वच्छ होतं, पण ते शौलच्या हाताला कोण सांगणार? तीन आठवड्यांपूर्वी फडकं गायब झालं तेव्हा त्याने जूडिथवर आळ घेतला होता.

"कुणाचं रे हे?" दोवने विचारलं.

शौलने फडकं पिळलं, खिशात घातलं, बाहेर काढलं, परत घातलं.

फडकं पाहून झेएव खूष झाला. "दोवनेच कोंबलं! झोपायला निमित्त हवं ना! शाब्बास होदी. रविवारी तुझं पक्कं."

आता फक्त घरी जायचं होतं. शौल दारापर्यंत गेला. परत आला. परत दारापर्यंत गेला.

"दार उघडं की बंद, एक काहीतरी ठरव," झेएव ओरडला.

"फडकं माझं आहे. पेट्रोल गाळताना पडलं असणार."

झेएवने कानावर हात ठेवला. "मी काही ऐकलं नाही."

"परत सांगू?"

रविवारी दोव सुटला. शौलची चाचणी तीन महिन्यांनी वाढली. कागदावर शेरा होता: कामात उत्तम, देशाची सवय व्हायला वेळ लागेल.

"झालं काय हो?" जूडिथने दारातच विचारलं.

"दोवचं झालं."

"आणि तुमचं?"

"आणखी तीन महिने."

तिने हातातला डाव आपटला. "बोलायला कशाला गेलात? दोव तुमचा कोण लागतो?"

"कोण नाही."

"मग?"

शौल खुर्चीवर बसला, उठला. टोपी घातली.

"आता कुठं निघालात?"

"जरा गाडी बघून येतो."

"नीट झाली ना ती?"

"झाली गं. पण आता तीन महिने नीट राहायला हवी."